उरलेलं पाकीट

"एक माणूस कमी आहे," टेकनाथ घिमिरे म्हणाले.

मी घड्याळात पाहिलं. चार वाजून पस्तीस मिनिटं. मांडवात भोंगा लागला होता, स्टेजवर पाहुणे बसले होते, आणि माझ्या हातात आभाराच्या भाषणाचा कागद होता. कमी असायला माझ्याकडे वेळच नव्हता.

"टेकनाथजी, सराव संपला," मी म्हणाले. "चार वाजता तीनदा शिट्टी वाजवली मी. आता कमी नाही आणि जास्त नाही. चला, खुर्चीवर बसा."

"चाळीस बिल्ले दिले होते. एकोणचाळीस परत आले."

"हो ना! तुमच्या पथकाला एक जण सापडला नाही. त्याचे गुण कापलेत मी. विषय संपला."

ते हलले नाहीत. पन्नाशीचा, ठेंगणा, शांत माणूस. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, इथे मी ते माझ्या मराठीत सांगतेय. त्यांचं हिंदी मुळातच सावकाश, आणि त्यात ते दोन वाक्यांमध्ये एवढे थांबायचे की मधल्या वेळात माझा एक चहा पिऊन व्हावा.

"गुण ठीक आहेत," ते म्हणाले. "पण ती बाई कुठे आहे?"

माझं नाव मृदुला चौगुले. आईवडिलांनी नाव ठेवलं तेव्हा त्यांना माझ्या जिभेचा अंदाज नव्हता. मिरजेची मी. वेळ म्हणजे वेळ, काम म्हणजे काम, आणि समोरचा रेंगाळला की माझं डोकं फिरलंच म्हणून समजा. तेव्हा मी एका मदतसंस्थेच्या प्रादेशिक कचेरीत होते. आसपासच्या पाच देशांमध्ये त्यांच्या त्यांच्या राष्ट्रीय मदतसंस्था असतात. पूर आला, दरड कोसळली, की परदेशातून कुणी विमानाने येईपर्यंत वाट न बघता त्या लोकांनी स्वतः उभं राहावं, यासाठी त्यांना तयार करायचं, ही माझी नोकरी. तीन वर्षं मी नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीवच्या वाऱ्या करत होते. त्याची शेवटची परीक्षा म्हणून हा मोठा सराव. तो मी हट्टाने आपल्या कोकणात आणला होता, देवगडजवळच्या कातळबंदर नावाच्या खाडीकाठच्या गावात.

सरावाची रीत अशी. गावातले चाळीस लोक आपद्ग्रस्त व्हायचे. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला. त्यावर नंबर आणि काय झालंय ते: पाय मोडला, भाजलं, बेशुद्ध. पाच देशांच्या पथकाने त्यांना शोधायचं, उचलायचं, तंबूत आणायचं. पथकाचे प्रमुख त्या दिवशी टेकनाथ. ते पास झाले तर नेपाळच्या संस्थेचं बचावपथक त्यांच्या हाती जाणार होतं. नापास झाले तर अजून एक वर्ष कुणीतरी बाहेरचा माणूस पाठवायचा.

चाळिसांपैकी दोघं जण लपवलेले होते. कुठे, ते एका बंद पाकिटात, आणि ते पाकीट फक्त माझ्याकडे. लपलेल्या माणसाने हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. शोधणारा समोर येऊन बिल्ल्याचा नंबर बोलला की मगच उठायचं. आणि सराव संपला की लपलेल्यांना आणायला नियंत्रकाने स्वतः जायचं.

नियंत्रक मी होते. शिट्टी वाजवली आणि पाकीट उघडायला घेतलं, तेवढ्यात बँकॉकहून आलेल्या संचालकांची, पेरेरासाहेबांची गाडी आली. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि हार घ्यायला पळाले. लपलेला एक जण आंब्याच्या बागेत आधीच सापडला होता. दुसरीला शिट्टी ऐकू आली असेलच, असं मी धरून चालले.

"कोण कमी आहे?" सरपंच तांडेल मध्येच आले. रुंद खांद्याचा, हसरा माणूस.

"शेवंतीकाकी," मी म्हणाले.

ते जोरात हसले. "अहो मॅडम, ती गेली आसतली घराक! परवा गेली नाय काय?"

अगदी खरं होतं. परवा रंगीत तालीम होती. शेवंतीबाय केळुसकर, वय पासष्टच्या आसपास, खाडीत कालवं काढून बाजारात विकणारी बाई. तिला ठरल्या जागी लपवलं, आणि अर्ध्या तासाने बघतो तर बाई गायब. घरी जाऊन मासे तळत होती! "भूक लागली म्हणान इलंय," म्हणाली. मी तिला साऱ्या गावादेखत फैलावर घेतलं होतं.

"काकी, हा पोरखेळ वाटतो तुम्हाला? पाच देशांची माणसं येणार आहेत. परवा काहीही झालं तरी हलायचं नाही. भूक लागो, तहान लागो, आकाश कोसळो. शोधायला येईपर्यंत हलायचं नाही. कळलं?"

ती काहीतरी बोलायला गेली होती. मी बोट वर केलं. "काकी, कारणं नकोत."

ते बोट मला अजून दिसतं.

"बघितलंत?" मी टेकनाथना म्हणाले. "बाईंची सवयच आहे ती. घरी गेल्या असतील. आता बसा तुम्ही, पेरेरासाहेब बोलायला उठताहेत."

टेकनाथनी मान हलवली, पण बसायला गेले नाहीत. मला वाटलं, झालं, आता हे आणखी काहीतरी काढणार. मुळात त्यांच्याबद्दलचं माझं मत दुपारीच होऊन गेलं होतं. पडक्या भिंतीपाशी त्यांनी सगळ्यांना गप्प उभं केलं. ढिगाऱ्याखालून आवाज येतोय का ते ऐकायला असं करतातच, मीच शिकवलेलं. पण माझ्या तक्त्यात त्याला दोन मिनिटं दिलेली, आणि या गृहस्थांनी सात घेतली. सात! मी पेनाने लिहिलं होतं: निर्णय घेण्यात मंद. प्रमुखपदासाठी शिफारस नाही.

ते मांडवाच्या कडेच्या टेबलाकडे गेले आणि तिथून मला हाताने बोलवलं. स्टेजवर पेरेरासाहेबांनी माइक हातात घेतला होता. मी दातओठ खात गेले.

"काय आहे?"

"हे," ते म्हणाले.

टेबलावर खाऊचं एक पाकीट होतं. बिल्ला परत दिला की पाकीट मिळायचं. दोन बटाटेवडे, चटणी आणि गुळात घोळलेलं मालवणी खाजं. सकाळीच चाळीस पाकिटं करून ठेवली होती. तेवढं एक उरलं होतं.

"कुणाला नको असेल," मी म्हणाले.

आमच्यामागून सरपंच आले होते. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेवंतीकाकी? खाजा सोडून घराक जायत?" आणि हसायला लागले.

हसता हसता ते थांबले.

"मॅडम," ते म्हणाले, "ती गेली नाय. खाजा सोडून ती सरगातसुद्धा जावची नाय. तुमी तिका लपवलास खय?"

मी पर्स उघडली. जागा मीच निवडलेली, तरी खात्रीसाठी ते बंद पाकीट फाडलं. आत माझ्याच अक्षरात लिहिलेलं: जुना धक्का, उत्तर बाजू, खालचा कोनाडा.

सरपंचांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, भरती आसा आता!"

ऐका, कसं झालं होतं ते. जागा मी परवा सकाळी बघितली, तेव्हा पाणी पार खाली गेलेलं, कोनाडा कोरडा ठणठणीत. सरावही सकाळचाच ठरला होता. पण पेरेरासाहेबांचं विमान दुपारचं, म्हणून मी तो एक वाजता घेतला. तक्त्यात सगळ्यांच्या वेळा बदलल्या. जेवणाची, गाड्यांची, हारतुऱ्यांची. समुद्राची वेळ बघायचं माझ्या मिरजेच्या डोक्यात आलंच नाही.

आणि त्याच क्षणी मला आठवलं, परवा काकी काय बोलायला गेली होती ते. "बाय, थय भरतीचा..." एवढंच तिच्या तोंडून निघालं होतं. मी बोट वर केलं होतं.

आम्ही धावलो. धक्का मांडवापासून दोनशे पावलांवर. उत्तर बाजूला पोचलो तर कोनाडा नव्हताच. नुसतं हिरवट पाणी, धक्क्याच्या खांबांवर आपटणारं. सरपंच ओरडले, "काकी! ए काकी!" मीही ओरडले. मागे पेरेरासाहेबांचा आवाज भोंग्यातून साऱ्या खाडीवर घुमत होता: या प्रदेशाच्या क्षमतेचा आज आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

सरपंच सदरा काढून उडी मारायला निघाले. टेकनाथनी त्यांचा दंड धरला.

"कुठे उडी मारणार? धक्का केवढा लांब आहे. आधी कुठे आहे ते कळू दे." मग माझ्याकडे वळले. तेवढ्या सगळ्यांत तो एकटाच माणूस होता ज्याचा आवाज चढला नव्हता. "मृदुलाजी, भोंगा बंद करा. सगळे गप्प. मला ऐकू दे."

मी उलटी पळाले. आयुष्यात कधी कुणाच्या हातून वस्तू हिसकावली नव्हती, त्या दिवशी संचालकांच्या हातून माइक हिसकावला. "सर, माफ करा, खरंखुरं माणूस बुडतंय," असं कसंबसं म्हणाले, आणि माइकमध्ये ओरडले, "कुणी बोलू नका! कुणी हलू नका! भोंगा बंद!"

भोंगा बंद झाला. तीनशे माणसांचा मांडव चिडीचूप. पेरेरासाहेब तोंड उघडं ठेवूनच उभे होते. कुणाची खुर्ची करकरली तर चार जणांनी त्याच्याकडे डोळे वटारले.

मी धक्क्यावर परत आले. टेकनाथ पालथे पडून, धक्क्याच्या फटीला कान लावून होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. माझ्या तक्त्यातली दोन मिनिटं ती, तेव्हा कळलं किती लहान असतात! पाणी चढतच होतं. तिसरं मिनिट गेलं. मला वाटत होतं, बस झालं, उडी मारा, काहीतरी करा. मी तोंड उघडलं तर त्यांनी न बघताच हात वर केला. मी गप्प बसले. मला गप्प बसवणारा तो पहिलाच माणूस.

पाचव्या मिनिटाला आवाज आला. टण्. मग थांबून, टण्, टण्.

"तिथे," टेकनाथ म्हणाले आणि उठून वीस पावलं पुढे धावले. "याच्याखाली."

सरपंचांनी कमरेला दोरखंड बांधला आणि उतरले. दोर धरायला टेकनाथ, त्यांच्यामागे बाकी चार देशांची माणसं, शेवटी मी. मी वाकून फटीतून बघितलं. शेवंतीकाकी दोन खांबांमधल्या आडव्या लाकडावर बसली होती. पाणी तिच्या छातीला लागलेलं. एका हाताने खांबाला मिठी, दुसऱ्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा. तो ती लोखंडी गजावर आपटत होती. परवा भुकेने घरी गेली म्हणून मी झापलं होतं ना, म्हणून या वेळी बाई डबा घेऊन लपली होती.

जिवंत होती! माझ्या घशातून जो आवाज निघाला तो हसू होतं की रडू, मला नाही सांगता यायचं.

सरपंच पोहत तिच्यापाशी गेले, हात पुढे केला. तिने हात दिला नाही.

"नंबर सांग," ती म्हणाली.

"अगो काकी, मी विलास!"

"तू विलास आसस ता माका ठावक आसा. नंबर सांग आदी. मगे त्या बायेची बोलणी कोण खायत?"

सरपंचांनी वर पाहिलं. "मॅडम, नंबर काय हिचो?"

यादी मी केली होती. बिल्ले मी लिहिले होते. तिच्या गळ्यात तो माझ्या हाताने घातला होता. मला आठवेना. नंबर काय, मला त्या क्षणी काहीच आठवेना.

"सत्ताईस!" टेकनाथ वरून ओरडले.

काकीने मान वर केली, फटीतून दिसणाऱ्या त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि समाधानाने म्हणाली, "हां. ओढा आता माका."

तिला वर घेतलं तेव्हा तिचा उजवा घोटा सुजून टम्म झाला होता. पाणी गुडघ्याला लागल्यावर ती उठली होती, पण शेवाळावर पाय घसरला. बाहेर यायला जमेना म्हणून सरकत सरकत त्या लाकडावर चढून बसली. ओरडली, खूप ओरडली म्हणे. "पण तुमच्या त्या भोंग्यापुढे माझो आवाज कोण ऐकतलो?"

डॉक्टरांनी तिथेच तपासलं. घोटा मुरगळलेला, हाड शाबूत, बाकी बाई ठणठणीत. ते ऐकलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला की मी धक्क्यावर होते तिथेच फतकल मारली. भरती अजून तासभर चढणार होती. आम्ही भाषणं संपवून, आभार मानून, चहा घेऊन उठलो असतो, तर... नको. त्या वाक्याच्या पुढे मी आजही जात नाही.

पेरेरासाहेब जवळ आले. ओले बूट घालून धक्क्यावर उभे राहिले आणि हळू आवाजात विचारलं, "लपलेल्यांची जबाबदारी कुणाकडे होती?"

टेकनाथ नुसते दोर गुंडाळत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माणूस मला वाचवायला निघाला होता हो!

"माझ्याकडे, सर," मी म्हणाले. "समुद्राची वेळ मी बघितली नाही. काकी सांगत होत्या, मी ऐकून घेतलं नाही. आणि शिट्टीनंतर आणायला गेले नाही. आणि हे यांचं गुणपत्रक. त्यात मी जे लिहिलंय ते चुकीचं आहे. ते मी बदलतेय."

साहेबांनी कागद वाचला. मग खिशातून पेन काढून मला दिलं. महिन्याभराने माझी लेखी कानउघाडणी झाली, ती झालीच. नोकरी राहिली. आणि टेकनाथ घिमिऱ्यांच्या हाती नेपाळचं पथक गेलं. अकरा वर्षांत त्या पथकाने किती माणसं काढली, त्याची यादी ते मला दर दिवाळीला पाठवतात, सावकाश, व्यवस्थित अक्षरात.

पण त्या संध्याकाळी मला एकच विचारायचं होतं. ते दोर गुंडाळत होते तिथे गेले.

"टेकनाथजी, सगळ्यांना वाटलं बाई घरी गेली. मलाही. तुम्हालाच का नाही वाटलं?"

नेहमीसारखे ते थांबले. या वेळी मी थांबले.

"मी बावीस वर्षं शाळामास्तर होतो," ते म्हणाले. "डोंगरातली शाळा. मुलांना सहलीला न्यायचो. जाताना सगळेच मास्तर मुलं मोजतात, मृदुलाजी. येताना सगळे दमलेले असतात. तेव्हा मोजायची."

एवढंच. मग पुन्हा दोर.

काकी चादर गुंडाळून मांडवाच्या खुर्चीत बसली होती. तिच्याभोवती अर्धं गाव. मी ते उरलेलं पाकीट घेऊन गेले आणि तिच्या हातात दिलं. तिने आधी गळ्यातला बिल्ला काढला, भिजून त्याचा लगदा झाला होता, तो रीतसर माझ्या हातावर ठेवला. मग पाकीट उघडलं, वडा दाबून बघितला.

"थंड झालो," ती म्हणाली. दुसरा वडा टेकनाथना द्यायला ती लंगडत उठायलाच निघाली होती, सरपंचांनी तिला खाली बसवलं आणि वडा पोचवला. खाजं मात्र तिने कुणाला दिलं नाही.

मला तिची माफी मागायची होती. वाक्य जुळवून आले होते. "काकी," एवढंच म्हणाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, साऱ्या गावादेखत, परवा जिथे उभी राहून बोट नाचवलं होतं अगदी तिथेच.

काकीने खाज्याचा तुकडा मोडला. माझ्याकडे बघितलं. माझ्यासारखी वेडी पोर तिने जन्मात बघितली नसावी. तुकडा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली,

"रडतंस कित्या गो? गावलंय मां मी."